बेबीचा पांढरा खल

मंगळवार, १८ फेब्रुवारी. हवा कोरडी. सकाळी नळाला पाणी बारीक. जिन्यातला दिवा बदलून घेतला. पडदे धुतले. दूध नासलं. बेबी सहाला आली, जेवली नाही. म्हणाली, कामावर एक तक्ता चुकला आहे.

माझ्या रोजनिशीत एका दिवसाला एक पान, आणि मी पानाबाहेर जात नाही. ही शिस्त ननांच्या शाळेतली. आमच्या सिस्टर म्हणायच्या, जे घडलं ते वहीत लिहा, जे वाटलं ते देवाला सांगा. पहिलं मी आयुष्यभर पाळलं. दुसरं कधी जमलं, कधी नाही. गेल्या ऑक्टोबरपासून तर सांगण्यासारखं काही हाताला लागतच नाही. पण बेबी एका पानात मावणारी नाही, म्हणून हे वेगळे कागद घेतले आहेत.

बेबी माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. वय सत्तावन्न, केस पांढरे, चष्मा जाड, आणि नाव बेबी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दुसरीत होती, तिची वेणी मीच घालायची. तिने लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर “राहून गेलं” म्हणते, कपडे वाळत घालायचे राहून जावेत तसं. कामावर तिला ताई म्हणतात. एकदा तिकडून फोन आला आणि मी सवयीने सांगितलं, “बेबी अंघोळीला गेली आहे.” पलीकडचा माणूस म्हणाला, “बाळाचं राहू द्या हो, ताईंना बोलवा.”

ती काम करते त्या कंपनीत वनस्पतींपासून औषधं करतात. पाला, साली, मुळं, हळकुंडं पोत्यांनी येतात आणि प्रत्येक पोत्यातलं थोडंसं तपासायला बेबीच्या टेबलावर जातं. तिचा हात मुख्यतः हळदीवर. हळदीतला जो पिवळा, औषधाचा भाग असतो, कर्क्युमिन म्हणतात त्याला, तो एका पोत्यात भरपूर असतो आणि दुसऱ्यात नावापुरता. नुसतं बघून ते कळत नाही.

“मग तू मोजतेस कशी?” असं ह्यांनी एकदा जेवताना विचारलं होतं.

तिने ताटातली वाटी पुढे ओढली. हळकुंड खलात कुटायचं, स्पिरिटमध्ये घोळायचं, गाळायचं आणि त्याचे थेंब एका छोट्या पेल्यात घालायचे. पेल्यात पेन्सिलीएवढी कांडी उभी करायची. कांडीच्या टोकाला काळा, गुळगुळीत ठिपका असतो. तो सेन्सर. मग यंत्र विजेचा जोर हळूहळू वाढवत नेतं. प्रत्येक पदार्थ आपल्या ठरावीक जोराला वीज सोडतो, आणि तेवढ्या जागी पडद्यावर रेघेची टेकडी उठते. टेकडी जितकी उंच, तितकं द्रव्य जास्त. ती रेघ कागदावर उतरली की झाला तक्ता.

“म्हणजे जो तो आपल्या ठरलेल्या जागीच बोलतो,” हे म्हणाले. “मला घाल एकदा तुझ्या पेल्यात. बघू मी कुठे बोलतो.”

“तू सगळीकडेच बोलतोस, दादा. तुझा तक्ता कुणाला वाचताच येणार नाही.”

“आणि दोन पदार्थ शेजारी शेजारी बोलले तर?” मी विचारलं.

“तर पंचाईत. दोन टेकड्या एकमेकींत मिसळतात आणि वाटतं, एकच आहे, चांगली मोठी.”

तो काळा ठिपका दर वेळी घासून साफ करावा लागतो. ओल्या मऊ कापडावर पांढरी भुकटी टाकायची आणि कांडी उभी धरून इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं. एकाच दिशेने घासलं तर ओरखडे पडतात. तिचं मनगट त्याला इतकं सरावलं आहे की घरी चहात साखर ढवळतानाही चमचा आठ काढतो. हे म्हणायचे, “आमच्या बेबीने चहाला पॉलिश केलं.”

तिचे नियम कडक. टेबलाजवळ संत्रं सोललेला हात चालत नाही. संत्र्यातलं क जीवनसत्त्वही पेल्यात बोलतं म्हणे, आणि भलत्या जागी बोलतं. कपाळाला बाम लावून आलेल्याला ती दारातूनच परत पाठवते. घरातली वस्तू टेबलावर ठेवायची नाही. दारावर तसा कागदच लावला आहे, तिच्या अक्षरात. संत्र्यांच्या दिवसांत तिथली माणसं एकमेकांना म्हणतात, “साली लपवा रे, ताई आल्या.”

ह्यांचं आजारपण लांबलं. गिळणं कमी कमी होत गेलं. ताप आणि दुखणं यांसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या होत्या, त्या कुटून पाण्यात कालवून द्यायच्या. आमचा लोखंडी खलबत्ता मसाल्याच्या वासाचा. एक घोट घेतला की हे तोंड वाकडं करायचे. तेव्हा बेबीने कामावरून एक जुना चिनी मातीचा खल आणला. निकालात काढलेला होता, बुडाला टवका उडालेला, पण आतून पांढराशुभ्र. त्याला एका बाजूला चोच होती, त्यामुळे औषध सरळ चमच्यात ओतता यायचं. गोळ्या बेबीच कुटायची. मी कुटलं की खडे राहतात म्हणायची.

ऑक्टोबरात एका दुपारी तिने औषध कालवून चमच्यात ओतलं, ह्यांनी ते घेतलं, तोंड पुसायला मी रुमाल उचलला, आणि मग पुसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

त्यानंतरचं सगळं मला आठवतं, पण दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यासारखं. माणसं आली. मी त्यांना खुर्च्या दिल्या. कुठे कुठे सह्या केल्या. “रडून मोकळ्या व्हा हो,” असं शेजारीण म्हणाली. मी “हो” म्हणाले, जसं कुणी “जेवून जा” म्हटल्यावर म्हणतात. रडू आलं नाही. बेबीलाही आलं नाही. आम्ही दोघी घरात दोन कपाटांसारख्या वावरत होतो.

त्या आठवड्यात मी औषधांची भांडी आवरायला घेतली. सगळी घासली. खल उचलला तर बेबीने तो माझ्या हातातून काढून घेतला.

“राहू दे, वहिनी.”

“अगं, औषधाचा आहे. नुसता वाळलाय. विसळते.”

“म्हणून तर म्हणते, राहू दे.”

आत कडेने पातळ पांढरं पापुद्र्यासारखं वाळलं होतं, पांढऱ्यावर पांढरं. शेजारी ठेवलेला बत्ताही तिने घेतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही पिशवीत घालून ती कामावर घेऊन गेली. मी विचारलं, “तिकडे कशाला?” तर म्हणाली, “घरात ठेवला तर तू एक दिवस धुशीलच. तुझा हात मला माहीत आहे.” ते खरं होतं.

तिच्या टेबलामागच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, तो पिशवीत राहिला. हे मला आत्ता कळलं. मंगळवारी, ती जेवली नाही तेव्हा.

झालं होतं ते असं. जानेवारीत त्यांच्याकडे कपाटांना रंग दिला. सामान खाली आलं, पिशव्या निघाल्या, भांडी एका टेबलावर मांडली गेली, आणि बेबीच्या नकळत तो खलही त्या रांगेत गेला. बेबीच्या हाताखाली एक नवी बाई आली आहे. दोन मुलं मोठी होईपर्यंत घरी होती, आता परत कामाला लागली. सगळे तिला वादळ म्हणतात, कारण ती आली की दार भिंतीवर आपटतं. कामाला चांगली, पण घाई फार. “पी हळद आणि हो गोरी” असं तिला चिडवतात, आणि ती म्हणते, “अहो, हळद कुटून कुटून मी नखांपर्यंत पिवळी झाले, गोरी कसली होतेय!” तिची अजून कायमची नेमणूक नव्हती. या महिनाअखेर साहेब ठरवणार होते.

बेबीने तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, खल घ्यायचा तर सगळ्यात स्वच्छ बघून घे. हळदीचे खल कितीही धुतले तरी पिवळेच राहतात. सोमवारी वादळने रांगेतला सगळ्यात पांढरा खल उचलला, जोडीचा बत्ता घेतला, आणि एका मोठ्या शेतावरून आलेल्या हळकुंडांचे तीन नमुने त्यात कुटले. त्या टेबलावरचा सगळ्यात मळका खल तोच होता, पण त्याचा मळ पांढरा होता.

टेकड्या अशा उंच उठल्या की साहेबांनाच शंका आली. त्यांनी तीच हळकुंडं शेजारच्या टेबलावर पुन्हा तपासून घेतली. आकडा बराच खाली आला. माल बेताचाच होता. चांगला म्हणून पुढे गेला असता तर औषधात नुसती पिवळी भुकटी गेली असती.

“साहेब म्हणाले, बाईने वजनात गफलत केली असेल, नाही तर भलत्याच पोत्यातलं घेतलं,” बेबी सांगत होती. मी नासलेलं दूध मोरीत ओतत होते. “ते म्हणाले, ताई, तुम्ही शिकवलंय तिला. शुक्रवारी तुमचं मत सांगा. तुम्ही नको म्हणालात तर नको.”

“आणि ती काय म्हणते?”

“शपथा घेतेय. वजन तीनदा बघितलं म्हणते. तिचा नवरा घरी बसलाय, वहिनी. कारखाना बंद पडला त्याचा.”

“तुला कधी कळलं?”

“सोमवारीच. संध्याकाळी मोरीजवळ खल दिसला. आत सगळा पिवळा. मी उचलून पिशवीत घातला आणि काही बोलले नाही.” तिने चष्मा पुसला. “आज तक्ता बघितला. टेकडीला एका बाजूने खांदा आलाय. एकटी हळद अशी वर चढत नाही. शेजारी आणखी कुणीतरी आहे.”

“मग सांगून टाक साहेबांना.”

“सांगेन. ते म्हणतील, आणा तो खल, बघू. चोचीत अजून थोडं पांढरं राहिलंय, बत्ता तिथपर्यंत जात नाही. ते धुवून पेल्यात घालावं लागेल.”

“दुकानातून गोळी आण आणि ती घाल.”

“त्याने गोळी कुठे बोलते ते कळेल. खलात ती होती, हे कसं कळणार? आणि साहेब म्हणतील, ताई आपल्या बाईला वाचवायला गोष्टी रचतात.” मग चिडून म्हणाली, “आणि वाचवू नये का? संत्र्याच्या सालीवरून मी माणसांना बाहेर काढलंय. स्वतः काय केलं? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यात आख्खं मुसळ!”

मी पातेलं घासायला घेतलं. खरं सांगायचं तर काही वाटतच नव्हतं. खलाबद्दल नाही, त्या बाईबद्दलही नाही. पातेल्याच्या तळाला करपलेलं होतं, ते निघत नव्हतं, एवढंच डोळ्यांसमोर होतं.

“चोचीत किती आहे?” मी विचारलं.

“नखावर मावेल एवढं.”

“ह्यांनी काय म्हटलं असतं?”

“दादाचं काय, दादा कुणालाही हो म्हणायचा. भांडी विकायला आलेल्या माणसाला जेवायला बसवायचा.” ती हसली नाही, मीही नाही. “पण त्याचं तेवढंच उरलंय गं, वहिनी. चष्मा तू देऊन टाकलास. कपडे गेले. त्याच्या तोंडात गेलेल्या शेवटच्या गोष्टीतलं हे उरलेलं आहे.”

चष्मा मी दिला होता, हे खरं. कुणाच्या तरी उपयोगाला येईल म्हणून. तेव्हाही काही वाटलं नव्हतं.

बुधवारी, गुरुवारी तिने तो विषय काढला नाही. पिशवी तिच्या खोलीत खुर्चीवर होती. मी झाडू मारताना खुर्ची न सरकवता भोवतीने झाडलं. गुरुवारी रात्री जेवताना ती इतकंच म्हणाली, “उद्या तू चल माझ्याबरोबर.”

“मी येऊन काय करू?”

“काही नको करू. बस नुसती.”

शुक्रवारी आम्ही गेलो. लांब, पांढरा, नव्या रंगाचा वास येणारा व्हरांडा. काचेचं दार, त्यावर बेबीच्या अक्षरातला तो कागद. ती दारात थांबली आणि माझ्याकडे वळली.

“वहिनी, बाम लावलायस?”

“गुडघ्याला.”

“बाहेर बस.”

म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसले आणि जे पाहिलं ते काचेतून पाहिलं. बाकावर आधीच एक बाई होती, पिवळ्या बोटांची, गुडघे हलवत बसलेली. मी ओळखलं.

“तुम्ही ताईंच्या वहिनी ना? तुमच्या घरचा चिवडा मी खाल्लाय. म्हणजे ताईंनी बाहेर व्हरांड्यात खायला लावला.” ती एका दमात बोलत होती. “मला बाहेर बसवलंय. काय चाललंय कळत नाही. आत तो खल आहे, तोच, मी वापरलेला. मी काही फोडला का तो? बुडाचा टवका माझ्या आधीचा आहे, देवाशप्पथ.”

“टवका जुनाच आहे,” मी म्हणाले.

“हो ना? सांगा ना त्यांना.”

आत साहेब हात पाठीमागे बांधून उभे होते. बेबी कापडावर कांडी घासत होती. आठ, आठ, आठ. घाई नव्हती. मग कांडी धुऊन तिने ठेवली आणि पिशवीतून खल काढला. थोडा वेळ हातात धरून उभी राहिली. साहेब काहीतरी म्हणाले असावेत, कारण तिने मान हलवली. बारीक नळीतून तिने चोचीत स्पिरिटचे थेंब सोडले, खल कलता केला, पुन्हा सोडले. ते पाणी पेल्यात गेलं. चोच ओली झाल्यावर तिथे काही होतं असं दिसतही नव्हतं.

पडदा माझ्या बाजूला तिरका होता. रेघ आडवी चालत राहिली. मग उठली. मला यातलं काही कळत नाही, पण टेकडी मला दिसली. बेबीने पडद्यावर एका जागी बोट टेकवलं आणि साहेबांकडे पाहिलं. मग शेजारच्या कागदावर, सोमवारच्या तक्त्यावर, त्याच जागी बोट टेकवलं. तिथे खांदा होता.

साहेबांनी वाकून दोन्ही बघितलं. मग त्यांनी काचेचं दार उघडलं आणि वादळला आत बोलावलं. दार उघडं राहिलं, त्यामुळे पुढचं ऐकू आलं.

“बाई, तुमची चूक नव्हती. खल बाहेरचा होता.”

“बाहेरचा म्हणजे?”

“माझ्या घरचा,” बेबी म्हणाली. “माझ्या भावाच्या औषधाचा. मी इथे ठेवला होता.”

वादळने खलात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, “पण तो सगळ्यात स्वच्छ दिसत होता हो, ताई.”

“दिसत होता.”

“ताई,” साहेब म्हणाले, “नियम तुमचाच होता.”

“हो.”

“जानेवारीपासूनचे सगळे नमुने पुन्हा तपासायला लागतील. तो खल आणखी कुठे वापरला गेला का, कुणी सांगावं. आणि ते होईपर्यंत निकालावर सही दुसरं कुणीतरी करेल. मला ते करावंच लागेल.”

“करा ना. मीही तेच केलं असतं.”

“बाईंना मी कायम करतोय.” हे ते खिडकीकडे बघत म्हणाले. चांगले गृहस्थ असावेत. बेबीच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

वादळला रडू फुटलं. ढसाढसा रडली, पिवळ्या बोटांनी डोळे पुसले, मग तोंडभर पिवळं झालं, आणि तीच हसली. “आता झाले बघा गोरी,” म्हणाली. बेबीने तिला मोरीकडे ढकललं. “आधी तोंड धू. आणि त्या हातांनी टेबलाला शिवू नकोस.”

खल बेबीने तिथेच धुतला, त्यांच्या पद्धतीने, आधी स्पिरिटने, मग साध्या पाण्याने, मग वाफ थंड करून मिळवलेल्या शुद्ध पाण्याने. मी काचेतून मोजत नव्हते, पण बराच वेळ लागला. धुतल्यावर तिने तो पुन्हा पिशवीत घातला.

आम्ही परत निघालो. रस्त्यात एका दुकानासमोर संत्र्यांचा ढीग होता. बेबी थांबली.

“घेऊ या का?” ती म्हणाली. “आज शुक्रवार. उद्या-परवा मला टेबलाकडे जायचं नाही.”

आम्ही संत्री घेतली. पिशवी एकच होती, ती खलावरच ठेवली. घरी येऊन तिने खुर्ची खिडकीशी ओढली आणि एकामागून एक तीन सोलून खाल्ली, साली मांडीवर जमवत. नंतर हात हुंगत बसली. मी विचारलं, “कसं वाटतंय?” ती म्हणाली, “काही नाही. तुला?”

“काही नाही.”

“टेकडी दिसली ना तुला काचेतून?”

“दिसली.”

“बारकी होती,” बेबी म्हणाली. “पण तिथेच होती.” तिने साली गोळा केल्या आणि आत गेली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. हवा कोरडी, दुपारनंतर वारा. बेबीच्या कामावर जाऊन आले. संत्री आणली, गोड निघाली. साली खिडकीत वाळत घातल्या आहेत. पांढरा खल स्वयंपाकघरात घेतला. मिरी कुटून पाहिली, बारीक होते.